टांग न टाकता बसता येईल अशी सायकल

माझे मामा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणांसारखी शाळेच्या दाखल्यावर त्यांचीही जन्मतारीख १ जून, त्यामुळे अठ्ठावन्न पूर्ण होताच ३१ मे रोजी नारळ-शाल घेऊन ते घरी आले. घर सांगलीत, तळमजल्यावर. नोकरीच्या सुरुवातीची आठ-दहा वर्षं त्यांनी खोडशीपासून निघणाऱ्या कृष्णा कालव्याच्या कडेकडेनं काळ्या अठ्ठावीस इंची सायकलवर काढली होती. नंतर मोटरसायकल आली आणि सायकल सुटली ती सुटलीच. निवृत्तीनंतर पुन्हा सायकल धरायची हे त्यांनी कितीतरी आधी ठरवून ठेवलं होतं.

मुलानं हौसेनं सायकल भेट दिली. जाड टायर, पुढच्या चाकाला स्प्रिंगचा चिमटा, एकवीस गिअर, किंमत चौदा हजार. चार महिन्यांनी, दिवाळीत, मी सांगलीला गेले तेव्हा ती जिन्याखाली जुनी चादर पांघरून उभी होती. मामा म्हणाले, "वय झालं गं आता. गुडघा दुखतो, आणि एकदा पडलोसुद्धा."

मी स्वतः पुण्यात रोज सायकलनं कामावर जाते. हे वाक्य मी अनेक ज्येष्ठांच्या तोंडून ऐकलं आहे आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा दोष वयाचा नसतो, सायकलचा असतो. म्हणून या एका प्रकरणात आम्ही काय तपासलं, काय निवडलं आणि कुठे चुकलो ते सविस्तर लिहिते आहे.

पडले कसे?

हा प्रश्न मी आधी विचारला. उत्तर असं: भाजी घेऊन परतताना दारात उतरत होते. सायकल जवळजवळ थांबलेली, उजवा पाय मागून वर काढला, तो कॅरिअरवरच्या पिशवीला अडकला आणि सायकलसकट डाव्या अंगावर आडवे झाले. मनगट सुजलं, हाड वाचलं. म्हणजे रहदारीत नाही, खड्ड्यात नाही, घराच्या फाटकाशी, उतरताना. त्यांच्या वयाच्या माणसांशी बोलताना मला बहुतेक पडझडी अशाच ऐकायला मिळाल्या आहेत: चढताना, उतरताना किंवा अगदी सावकाश वळताना. वेगात सायकल स्वतःला सावरते, थांबायला आली की सगळा तोल माणसावर येतो.

मग मी त्यांना अंगणात सायकलवर बसायला सांगितलं. त्यांची पद्धत जुनीच होती. डावा पाय पायडलवर, उजव्यानं दोन-तीन वेळा जमीन ढकलायची आणि चालत्या सायकलवर मागून टांग टाकायची. पंचविशीत ही हालचाल पाण्यासारखी होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी कंबर आणि मांडी तेवढी उघडत नाही. पाय सीटच्या वर जेमतेम जात होता.

दुसरी गोष्ट मोजपट्टीनं कळली. मामांची उंची ५ फूट ६ इंच. भिंतीला पाठ लावून, पायांच्या मध्ये जाड पुस्तक वर दाबून धरून जमिनीपासून मोजलं तर पायाची आतली लांबी ७६ सेंटिमीटर भरली. या आकड्याला ०.८८३ नं गुणलं की क्रँकच्या, म्हणजे पायडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर साधारण मिळतं, म्हणजे इथे ६७. त्यांची सीट होती ५८ वर. तब्बल नऊ सेंटिमीटर खाली.

"एवढी खाली का ठेवलीय?"

"थांबलं की दोन्ही पाय जमिनीला टेकायला नकोत का?"

इथेच सगळी गाठ होती. त्या सायकलची आडवी नळी उंच, जवळजवळ त्यांच्या पायांच्या लांबीइतकी. थांबल्यावर सीटवरून पुढे सरकून नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहायचं म्हटलं तर नळी टोचायची. म्हणून ते सीटवर बसूनच थांबायचे, म्हणून सीट खाली, आणि सीट खाली म्हणून प्रत्येक फेऱ्यात गुडघा काटकोनाच्याही आत दुमडून जोर लावायचा. उजव्या गुडघ्यात झीज सुरू झालीच होती. डॉक्टरांनी त्यांना सायकल चालवा असंच सांगितलं होतं, कारण सायकलवर शरीराचं वजन सीट पेलते आणि मांडीचे स्नायू बळकट होतात. पण हा सल्ला योग्य उंचीच्या सीटसाठी आहे. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा फक्त थोडा वाकलेला राहिला पाहिजे, साधारण पंचवीस ते पस्तीस अंश. घरच्या घरी तपासायचं तर टाच पायडलवर ठेवावी, पाय खाली पूर्ण सरळ व्हायला हवा. मग नेहमीसारखा चवडा ठेवला की तेवढा वाक आपोआप मिळतो.

उंच नळीमुळे सीट खाली, खाली सीटमुळे गुडघादुखी. मामा चार महिने हा त्रास स्वतःच्या वयाच्या खात्यावर लिहीत होते.

कुठे जायचंय?

सायकल बघायला जाण्याआधी मामांनी त्यांच्या डायरीत मला लिहून दिलं. सकाळी हरिपूर, चिंचांच्या रस्त्यानं संगमेश्वरापर्यंत आणि परत. आठवड्यातून दोनदा भाजी, महिन्यातून दोनदा दळण. कधीतरी मिरजेला बहिणीकडे, एका बाजूनं दहा किलोमीटर. आणि जमलंच तर वर्षातून एकदा नरसोबाच्या वाडीला. सगळा मुलूख सपाट. चढ म्हणावा तर आयर्विन पुलाकडे जाणारा. पण कालव्याच्या रस्त्यानं नोकरी केलेला माणूस म्हणाला, "चढाचं काय सांगतेस, समोरनं वारं लागलं की तोच चढ." ते खरं होतं आणि मी ते विसरले होते.

खर्चाची मर्यादा पंचवीस हजार. आणि मामांची एकच अट: "पुन्हा सायकल घ्यायला लागू नये."

म्हणजे अठ्ठावन्नाला नव्हे, सत्तरीला चालवता येईल अशी सायकल बघायची होती.

तीन सायकली

मामांना मनातून काळी अठ्ठावीस इंचीच हवी होती. त्यांची जुनी सायकल २०१९च्या पुरात कित्येक दिवस पाण्याखाली राहिली, बेअरिंगांत गाळ भरला आणि तेव्हापासून ती परसात खिळ्याला टांगलेली आहे. नवी अजूनही मिळते, सहा-सात हजारांत, आणि कुठल्याही खेड्यात तिचा मिस्त्री सापडतो. हा मोठा गुण आहे. पण वजन वीस किलोच्या आसपास, नळी उंच, गिअर नाहीत आणि सळीचे ब्रेक पावसात कमी धरतात. जुन्या सायकलचे दात मी मोजले होते, पुढे ४४ आणि मागे १८. पायडलच्या एका फेऱ्यात ती जवळजवळ ५.४ मीटर जाते. वारा पाठीशी असताना छान, समोरून आला की झिजलेल्या गुडघ्याला ते ओझंच.

दुसरी हायब्रीड, म्हणजे रस्त्यावरच्या आणि डोंगरी सायकलीच्या मधली. अ‍ॅल्युमिनियमची, हलकी, बावीस हजार, रंगसंगती देखणी. मामा तिच्यावर खूश झाले. नळी थोडी उतरती होती, तरी टांग मागूनच टाकावी लागत होती. हँडल सरळ आणि खाली असल्यामुळे मान वर उचलून बघावं लागे, आणि त्यांना मानेचा त्रास आहे. शिवाय या सायकलवर चिमट्याची हँडल धरणारी वरची नळी कारखान्यातच कापून आलेली असते, त्यामुळे हँडल वर घ्यायला फारसा वाव नसतो. ज्यांची मान-पाठ ठणठणीत आहे त्यांच्यासाठी ती उत्तमच आहे, मीही तसलीच वापरते.

तिसरी दुकानदारानं दाखवलीच नाही, मीच मागितली. खाली वाकलेली नळी, ओलांडण्याची उंची जमिनीपासून फक्त ४५ सेंटिमीटर, हँडल उंच आणि अंगाकडे वळलेलं, पूर्ण मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, पुढे एकच चक्र आणि मागे सात गिअर. साडेसतरा हजार.

मामांनी तिला हातसुद्धा लावला नाही. "अगं, लेडीज सायकल घेऊन मी हरिपूरला जाऊ? खात्यातली निम्मी माणसं भेटतात त्या रस्त्याला."

मी वाद घातला नाही. त्यांचा संकोच खरा होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गड्यानं नळीच्या सायकलवर बसायचं, बाईनं बिननळीच्या, हे आपण लहानपणापासून बघत आलो. पण ती वाकडी नळी मुळात झग्याच्या सोयीसाठी आली, ताकदीचा किंवा पुरुषपणाचा त्यात काहीच संबंध नाही. नेदरलँड्समध्ये म्हातारे पुरुष सर्रास अशा सायकली चालवतात. हे मी सांगितलं, पण त्यांना सांगलीतलं उदाहरण हवं होतं.

ते त्यांच्याच डायरीत होतं. दुकानदाराची परवानगी घेऊन आम्ही घरून दळणाचा डबा आणला, दहा किलो गव्हानं भरलेला, आणि हायब्रीडला दुकानदारानं बसवून दिलेल्या कॅरिअरवर रबरी पट्ट्यानं बांधला. मग मी म्हटलं, "आता बसा." मामांनी सवयीनं पाय मागे नेला आणि तो तसाच अधांतरी थांबला. डब्यावरून टांग जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी पाय खाली घेतला, थोडा वेळ डब्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "दूधवाले कँड लावून असेच पुढनं पाय टाकायचे. नळीवरनं. तरणी पोरं होती ती." तोच डबा आम्ही खाली नळीच्या सायकलवर बांधला. मामांनी उजवा पाय फाटकाचा उंबरा ओलांडावा तसा पुढून पलीकडे टाकला, सीटपुढे उभे राहिले, पायडलवर भार दिला आणि निघाले. दुकानासमोरच्या बोळात एक फेरी, थांबले, सीटवरून पुढे सरकून जमिनीवर दोन्ही पाय टेकून उभे राहिले. परत दुसरी फेरी.

इथे आमचा मूळ प्रश्न सुटला. नळी मध्ये नसल्यामुळे थांबताना सीटवरून पुढे उतरता येतं. मग सीट खाली ठेवायचं कारणच उरत नाही. ती गुडघ्याला हवी तेवढी वर ठेवता येते. खाली नळी म्हणजे फक्त सायकलवर चढण्या-उतरण्याची सोय असं बहुतेकांना वाटतं, पण माझ्या दृष्टीनं तिचा मोठा फायदा हाच आहे.

तिची कमतरताही सांगायला हवी. वरची आडवी नळी नसल्यामुळे सांगाडा थोडा लवतो, तो भरून काढायला नळ्या जाड लागतात आणि वजन वाढतं. ही सायकल सतरा किलो आहे. मागे वीस किलोचं ओझं लादलं तर ती डुलते, आम्ही करून बघितलं. मामांचं वजन ७८ किलो आणि दळण दहा किलो, तेवढ्याला काही होत नाही. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणाऱ्याला मात्र मी सतरा किलोची सायकल सुचवणार नाही.

टिकाऊपणा

मामांनी सांगाडा लोखंडी निवडला, कारण लोखंड कुठेही वेल्ड होतं. मला अ‍ॅल्युमिनियम चाललं असतं, ते गंजत नाही. पण सांगाड्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे की दहा वर्षांनी सुटा भाग घराजवळ मिळेल का. त्या नजरेनं आम्ही एकेक भाग बघितला.

पुढे स्प्रिंग नको. स्वस्त स्प्रिंगचा चिमटा दोन-तीन वर्षांत अडकतो आणि उगाच वजन वाढवतो. खड्ड्यांसाठी रुंद टायर पुरतो. इथे ७००×३८ चा टायर आहे, त्याच्या बाजूवर बारीक अक्षरात ६२२ हा आकडा असतो. एकोणतीस इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलींचा रिमही ६२२चाच, त्यामुळे ट्यूब-टायर बरीच वर्षं मिळत राहतील. काळ्या सायकलीचा आकडा ६३५, तो टायर यात बसत नाही. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा, म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. फक्त हवा आपण सांगू तेवढीच भरायला लावायची. मामा ४५ ते ५० पौंड ठेवतात. दगडासारखा टणक टायर केला की सगळे धक्के मनगटात आणि कण्यात येतात.

ब्रेक रिमवर धरणारे, व्ही ब्रेक. शू शंभर-दीडशेत मिळतात आणि मामा स्वतः बदलतात. मागच्या चाकाला ३६ तारा. फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, चौदा ते चौतीस दातांचं, पुढचं चक्र अडतीसचं. सगळ्यात हलक्या गिअरला एका फेऱ्यात सुमारे २.४ मीटर, सगळ्यात जडला ५.९. म्हणजे जुन्या काळ्या सायकलचा वेग वरच्या गिअरांत आहेच, शिवाय वाऱ्यासाठी खाली चार-पाच पायऱ्या जास्त. एकवीस गिअरांत कितीतरी एकमेकांसारखेच असतात, आणि पुढच्या चक्रांवर चेन बदलणारा भाग सतत बिघडतो. एका अंगठ्यानं चालणारे सात गिअर या वयात मला कितीतरी बरे वाटतात.

बॅटरीवरच्या सायकलचाही विचार केला. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरला मोटर बंद होणारी असेल तर तिला नोंदणी लागत नाही. पण सांगलीच्या सपाटीवर गरज नाही, आणि काही वर्षांनी नवी बॅटरी घ्यावी लागते. मामा साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटाच्या पायथ्याशी राहत असते तर मी नक्की वेगळा सल्ला दिला असता.

पुठ्ठ्यावरचे दोन खड्डे

सायकलबरोबर आलेली सीट फुगीर होती, बोट दाबलं की रुतणारी. दुकानात दहा मिनिटं ती मऊ लागते. अर्ध्या तासानं बैठकीची हाडं आत रुततात आणि मधला भाग नाजूक जागी वर दाबतो, मुंग्या येतात. मी मामांना जिन्याच्या पायरीवर बसवलं, खाली आंब्याच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा. गुडघे थोडे वर घेऊन, पुढे किंचित वाकून दोन मिनिटं. उठल्यावर पुठ्ठ्यावर आडवी पेन्सिल घासली तर दोन फिकट गोल उमटले. त्यांच्या मध्यांतलं अंतर साडेअकरा सेंटिमीटर. मामांनी स्वतःची पट्टी आणून पुन्हा मोजलं, दोनदा. कालव्याच्या पाण्याची पातळी आयुष्यभर मोजलेला माणूस, दुसऱ्याचा आकडा मान्य करणार नाही. जितकं ताठ बसायचं तितकी रुंद सीट लागते, म्हणून सतरा सेंटिमीटर रुंदीची, घट्ट, मध्ये खाच असलेली सीट नऊशे रुपयांत घेतली.

सीटची उंची एकदम ६७ केली नाही. ६४ वर सुरुवात करून दर आठवड्याला अर्धा सेंटिमीटर, आणि ६६ वर गुडघ्याचं दुखणं बंद झालं तिथे थांबलो. हँडल उंच करायला कोन बदलता येणारा स्टेम, म्हणजे हँडल धरणारा भाग, सहाशे. आरसा उजव्या बाजूला, कारण आपल्याकडे मागून येणारी गाडी उजवीकडून जाते आणि मान वळवणं मामांना अवघड आहे, अडीचशे. पुढचा-मागचा दिवा अकराशे. मिस्त्रीची मजुरी तीनशे. सगळे मिळून २०,६५०.

एक चूक माझी झाली. मानेच्या काळजीनं मी हँडल फारच वर आणि जवळ घेतलं. पहिल्याच आठवड्यात मामांचा फोन: वळताना हँडल गुडघ्याला लागतं, आणि सगळा भार सीटवर आल्यानं कंबर अवघडते. स्टेम दोन बोटं पुढे झुकवल्यावर हे थांबलं. अगदी ताठ बसणं सुखाचं वाटतं, पण थोडा भार हातांवर हवाच, कोपर सैल ठेवून.

दीड वर्षानंतर

मामांच्या डायरीत ४,१०० किलोमीटर नोंदले आहेत. तीन पंक्चर, तिन्ही बाभळीच्या काट्यांची. एकदा मागच्या रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला. दर महिन्याच्या एक तारखेला ते पोलादी पट्टी चेनवर धरतात: चोवीस पिनांचं अंतर नव्या चेनमध्ये बरोबर बारा इंच असतं. ३,२०० किलोमीटरला ते बारा आणि एक सोळांश झालं, त्याच दिवशी चेन बदलली. आणखी वाढू दिलं असतं तर फ्रीव्हीलचे दातही खराब झाले असते. पावसाळ्याआधी सीटची दांडी बाहेर काढून ग्रीस लावतात, नाहीतर ती गंजून नळीत कायमची बसते. जड ओझ्यानं फ्रीव्हीलच्या मागच्या चाकाचा आस वाकू शकतो, म्हणून वर्षातून एकदा चाक काढून तोही तपासून घेतात.

गुडघा बरा झाला असं मी म्हणणार नाही, झीज भरून येत नाही. जिना चढताना तो अजून बोलतो. सायकलवर बोलत नाही. सायकलनं हाडांवर पुरेसा भार येत नाही म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन दिवस ते चालायला जातात. हरिपूरच्या रस्त्यावर खात्यातली माणसं भेटतात. पहिल्या महिन्यात दोघा-तिघांनी सायकलबद्दल विचारलं, त्यातल्या एकानं नंतर दुकानाचा पत्ता घेऊन तसलीच आणली. नरसोबाच्या वाडीला मामा गेल्या माघात जाऊन आले, परतीला वारं समोरून होतं.

मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा सीटच्या दांडीवर दोन खुणा दिसल्या. खालची कानशीनं कोरलेली, ती मामांची. तिच्या वर सात सेंटिमीटरवर नेलपेंटची लाल रेघ. मामी लहानपणी तासगावला शिकलेली सायकल चाळीस वर्षांनी पुन्हा चालवते आहे, मामा दुपारी झोपले की. तिनं मला आत बोलावून हळूच विचारलं, तशी दुसरी आता केवढ्याला पडेल.